गांठोड्यांत काय बांधाल ?

(नारायणगड येथें ऊसतोडीस निघणाऱ्या कुटुंबांच्या मेळाव्यांत एका खेड्यांतील शिक्षिकेनें केलेलें भाषण)



हा गड धाकटी पंढरी म्हणून ओळखला जातो. येथें येणारा माणूस विठ्ठलापुढें हात जोडतो, मनांतलें मागणें मागतो आणि खालीं उतरतो. आज तुम्ही काय मागायला आलां आहां, तें मला न सांगतां कळतें. दसरा झाला कीं टोळ्या निघतील. कोणी सांगली-कोल्हापुराकडे, कोणी सोलापुराकडे, कोणी थेट कर्नाटकांत. तुम्ही मागाल कीं, गाडी सुखरूप पोहोंचूं दे, उचल फिटूं दे आणि लेकरें धड परत येऊं देत. पहिल्या दोन गोष्टींविषयीं मला बोलतां येत नाहीं. त्या मुकादमाच्या वहींत आहेत. तिसरीविषयीं मात्र मी बोलणार आहें. ती पुष्कळशी आपल्याच हातांत आहे, आणि ती आपल्या हातांत आहे हें आपणांस कोणी सांगितलेलें नाहीं.

मी तुमच्यांतलीच आहें. माझे आईबाप कोयता घेऊन जात. मी आठ वर्षांची असतांना मला शाळेतून काढून बरोबर नेलें, कारण धाकटा भाऊ अकरा महिन्यांचा होता व त्याला सांभाळायला कोणी नव्हतें. पहाटे आई फडावर जाई. मी कोपींत त्याला घेऊन बसें. एके दिवशीं त्याला जुलाब सुरू झाले. शेजारच्या कोपींतली म्हातारी मायेनेंच म्हणाली, "पाणी पाजूं नकोस पोरी, पाणी पाजलं की हगवण वाढती." मीं पाजलें नाहीं. तो पाण्याच्या घागरीकडे हात करी, मी घागर मागें सारीं. आई संध्याकाळीं आली तेव्हां त्याचे डोळे खोल गेले होते. दुसऱ्या दिवशीं खाडा पडेल म्हणून ती फडावर गेली. तिसऱ्या दिवशीं तो गेला.

त्या म्हातारीचा राग मला कधीं आला नाहीं. तिला जें ठाऊक होतें तें तिनें सांगितलें. राग आला तो पुढें, मी अध्यापक विद्यालयांत शिकत असतांना. तेथें एका पुस्तकांत वाचलें कीं, १९७१ सालीं बांगलादेशांतून पळून आलेल्या निर्वासितांच्या छावणींत, बंगालमधील बनगांव येथें पटकीची सांथ आली. शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ व साखर पाण्यांत कालवून पिंपें भरलीं आणि आजाऱ्यांच्या नातेवाइकांच्याच हातांनीं तें पाणी पाजविलें. त्यापूर्वीं शंभरांत सुमारें तीस माणसें मरत होतीं, तीं चाराच्या आंत आलीं. ही गोष्ट १९७१ ची. माझा भाऊ त्यानंतर कित्येक वर्षांनीं गेला. मीठ आमच्या कोपींत होतें, साखर होती, पाणीहि होतें. नव्हतें तें फक्त ज्ञान. तें बनगांवाहून निघालें, पण आमच्या कोपीपर्यंत पोहोंचलें नाहीं. ज्ञान वरच्या वरच राहिलें म्हणजे खालच्या माणसाचा जीव जातो, हा धडा मी त्या दिवशीं शिकलें. तो तुम्हांस द्यावा एवढ्यासाठीं आज उभी आहें.

आईनें काय करावें याचा उपदेश हल्लीं फार स्वस्त झाला आहे. फोन उघडला कीं सांगतात: बाळाला अर्धा तास तेल चोळा, दुपारीं बाळाबरोबर तुम्हीहि निजा, रोज ताजीं फळें खा. हा उपदेश ज्यांना दुपार आहे त्यांच्यासाठीं आहे. तुम्हांला दुपार नाहीं. पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या, अंधारांत फड गांठायचा, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडींत भरायच्या, आणि परत येऊन पुन्हां चूल. कारखान्याच्या हिशेबांत नवराबायको मिळून एक कोयता. घरच्या हिशेबांत मात्र बाई एकटी दोन कोयत्यांचें काम करते. म्हणून मी तुम्हांस एकहि अशी गोष्ट सांगणार नाहीं, जिला तुमच्याजवळ नसलेला वेळ किंवा पैसा लागेल. आणि जें सांगेन त्यांतलें अर्धें काम पुरुषांचें आहे, हें समोर बसलेल्या बंधूंनीं आतांच लक्षांत ठेवावें.

पहिली गोष्ट जुलाबाची, कारण ती माझ्या घरची आहे. लेकराला जुलाब लागले कीं पाणी बंद करायचें नाहीं, वाढवायचें. अंगावर पीत असेल तर अंगावरचें दूध अधिक वेळां द्यावें. आशाताईकडे जलसंजीवनीचीं पुडकीं फुकट मिळतात. जाण्यापूर्वीं चार-पांच मागून घ्या. एक पुडकें एक लिटर स्वच्छ पाण्यांत संबंध एकदम घालावें, अर्धें अर्धें नाहीं, आणि तें पाणी एका दिवसांत संपवावें. उरलें तर फेकावें. पुडकें नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे बोटानें वरचा ढीग काढून टाकलेला. मीठ जास्त झालें तर अपाय होतो, म्हणून पाणी आधीं स्वतः चाखावें. आंसवापेक्षां खारट लागलें तर फेकून नवें करावें. वाटी-चमच्यानें घोट घोट पाजावें. उलटी झाली तर दहा मिनिटें थांबून पुन्हां सावकाश सुरू करावें. त्याबरोबर जस्ताच्या गोळ्या मिळतात, त्या चौदा दिवस द्यावयाच्या. जुलाब तिसऱ्या दिवशीं थांबले तरी गोळ्या चौदा दिवस पुऱ्या करायच्या. त्यानें पुढचे जुलाबहि टळतात. खाणें बंद करूं नये. शौचांत रक्त दिसलें, लेकरूं पाणी पीतच नाहीं, निपचीत पडलें, डोळे खोल गेले, तर घरच्या पाण्यावर विसंबूं नये. घोट घोट पाजीत पाजीत दवाखाना गांठावा.

दुसरी गोष्ट श्वासाची. कोपींत थंडी असते, चुलीचा धूर असतो, दार एकच. लेकराला खोकला झाला कीं आपण दृष्ट काढतों, कोणी छातीला बिब्बा लावतात. बिब्ब्यानें कातडी भाजते, आंतला आजार तसाच राहतो. त्यापेक्षां श्वास मोजा. लेकरूं शांत असतांना, रडत किंवा पीत नसतांना, पोटाकडे पाहावें व पुरतें एक मिनिट मोजावें. दोन महिन्यांच्या आंतल्या बाळाचे साठ किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचे पन्नास किंवा अधिक, आणि एक ते पांच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा अधिक श्वास भरले, तर तो न्युमोनिया समजून त्याच दिवशीं दवाखान्यांत न्यावें. श्वास घेतांना बरगड्यांखालची छाती आंत ओढली जात असेल तर मोजतहि बसूं नये; निघावें. तुम्ही म्हणाल, बाई, आम्हांला मोजतां येत नाहीं. तुमच्या चौथींतल्या लेकराला येतें. मीं त्याला वर्गांत शिकविलें आहे. फोनवरचें घड्याळ त्याच्या हातांत द्या. शाळेचा उपयोग नोकरी लागेल तेव्हां होईल ही समजूत सोडा; शाळेचा उपयोग आज रात्रीं कोपींत आहे.

आणि दवाखान्यांत न्यायचें म्हटल्यावर "कसं न्यावं, गाडी नाहीं" असें म्हणूं नका. १०८ हा आंकडा फिरविला तर गाडी येते, पैसे लागत नाहींत. गाडी येत नसेल तर पाठीवर न्या. सावित्रीबाई फुले यांनीं १८९७ सालीं पुण्याच्या प्लेगांत मुंढव्याच्या वस्तींतलें एक आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखान्यांत नेलें. त्यांतच त्यांना प्लेग झाला व त्या गेल्या. दुसऱ्याच्या लेकरासाठीं त्यांनीं तें केलें. आपल्या लेकरासाठीं एका दिवसाचा खाडा पडेल म्हणून आपण थांबावें काय ?

तिसरी गोष्ट दुधाची. बाळ जन्मलें कीं पहिल्या तासांत अंगावर घ्यावें. पहिलें पिवळसर चिकाचें दूध कित्येक घरीं पिळून टाकतात, जड असतें म्हणतात. गाईचा चीक आपण खरवस करून आवडीनें खातों, आणि बाईचा चीक टाकतों ! तें दूध म्हणजे बाळाची पहिली लस आहे. सहा महिने पुरे होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय कांहीं नको. मध नको, गुटी नको, उन्हाळ्यांत पाणीहि नको, कारण त्या दुधांतच पुरेसें पाणी असतें. डॉक्टरानें दिलेलें औषध मात्र द्यावें.

पण आई फडावर, बाळ कोपींत. मग काय करायचें? पहाटे निघण्यापूर्वीं पोटभर पाजावें. हात साबणानें धुवावेत. उकळत्या पाण्यांतून काढलेल्या स्टीलच्या झाकणाच्या भांड्यांत हातानें दूध काढून ठेवावें. थंडीच्या दिवसांत सावलीला तें तीन-चार तास चांगलें राहतें. नंतर राहिलेलें टाकावें. तें वाटी-चमच्यानें पाजावें, बाटलीनें नाहीं; बाटलीच्या बुचांत जंतु बसतात व ती कोपींत धड धुतां येत नाहीं. बाळ फडावर नेत असाल तर झोळी वाहनाच्या वाटेपासून दूर, झाडाला बांधा. पाचटाच्या ढिगाआड किंवा ट्रॅक्टर-ट्रकच्या सावलींत बाळ कधीं निजवूं नका. सावली गार असते, पण वाहन मागें येतांना चालवणाऱ्याला लेकरूं दिसत नाहीं. पाचटांत साप-विंचू असतात तें वेगळेंच.

चौथी गोष्ट घांसाची. सहा महिने झाले कीं वरचें अन्न सुरू झालेंच पाहिजे. दुधावर आतां भागत नाहीं. आधीं दिवसांतून दोन-तीन वेळां, नऊ महिन्यांपासून तीन-चार वेळां, आणि अंगावरचें दूध दोन वर्षांपर्यंत चालूं ठेवावें. वेगळें शिजवायला तुम्हांला वेळ नाहीं, लागतहि नाहीं. तुमचीच ज्वारी-बाजरीची भाकरी वरणांत कुस्करा, घट्ट ठेवा, वर चमचाभर तेल सोडा. चमच्यावरून ओघळून जातें तें पातळ, तें पाणीच समजा. मटकी, हुलगे, शेवग्याचा पाला, शेंगदाण्याचा बारीक कूट, मिळेल तेव्हां अंडें. कूट बारीकच हवा. अख्खा दाणा लहान मुलाच्या श्वासनळींत अडकतो. लेकराला त्याचें वेगळें ताट द्या. मोठ्या भावंडांबरोबर एका ताटांत बसविलें कीं लहान मागें राहतें. किती खाल्लें तें कोणालाच कळत नाहीं.

आणि पांच रुपयांचा तो पुडा ! लेकरूं रडलें कीं मुकादमाच्या टपरीवरून बिस्किटाचा किंवा चटकदार कुरकुरीत खाऊचा पुडा आणून हातांत द्यायचा, वर बशीभर चहा. लेकरूं गप्प बसतें, भूक मरते, अंगाला कांहीं लागत नाहीं. असे दोन पुडे रोज म्हणजे महिन्याला तीनशें रुपये. तेवढ्यांत पुष्कळ अंडीं येतात. हिशेब तुम्हींच करा. उचलीचा करतां तसा.

पांचवी गोष्ट कागदाची. बाळाच्या पांचव्या-सहाव्या रात्रीं सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते असें आपण मानतों व कोरा कागद, लेखणी ठेवतों. सटवाईनें लिहिलेलें आजवर कोणी वाचलेलें नाहीं. नर्सबाई माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिते तें मात्र वाचतां येतें, आणि वाचून बदलतां येतें. जन्मल्याबरोबर क्षयाची लस, पोलिओचे थेंब व काविळीची लस. मग दीड, अडीच व साडेतीन महिन्यांनीं. नऊ महिने पुरे झाल्यावर गोवर-रुबेलाची, आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान पुन्हां. ह्या लशी फक्त आपल्याच गांवांत मिळतात असें नाहीं. कारखान्याच्या हद्दींतल्या सरकारी दवाखान्यांत त्याच लशी, तशाच फुकट मिळतात. अंगणवाडीहि तेथें आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेली ही योजना देशभर आहे. "तुम्ही बाहेरगांवचे" असें म्हणून तुम्हांस परत पाठविण्याचा हक्क कोणास नाहीं. पण कार्ड जवळ नसेल तर तुम्ही मुक्या होतां. म्हणून कार्ड प्लास्टिकच्या पिशवींत घालून कोयत्याबरोबर बांधा.

पोटुशी बाई असेल तर कार्डाचें महत्त्व दुप्पट. निदान चार तपासण्या व्हाव्यात. चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणें लोहाच्या एकशेंऐशीं गोळ्या असतात. जेवणानंतर घ्या, चहाबरोबर घेऊं नका, कारण चहानें लोह अंगीं लागत नाहीं. लिंबू पिळलेल्या घांसाबरोबर चांगली लागते. शौचाला काळें होतें, त्याला भिऊं नका. अंगावरून रक्त जाणें, डोकें भयंकर दुखून डोळ्यांपुढें अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, ताप किंवा बाळाची हालचाल थांबणें, यांपैकीं एकहि झालें तर मोळी तेथेंच टाका आणि १०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यांत बाळंतपण, औषधें, रक्त, वरचें ऑपरेशनहि २०११ पासून फुकट आहे. सातव्या महिन्यानंतरच्या बाईच्या डोक्यावर मोळी द्यायची नाहीं, हें तिच्या नवऱ्यानें व टोळींतल्या इतरांनीं ठरवायचें आहे. तें तिच्या एकटीच्या हातांत नाहीं.

आतां सहावी गोष्ट, जी बोलायला आपण लाजतों. बाईचें स्वतःचें अंग.

पहाटे उठल्याबरोबर तोंडांत मिश्री. भूक मरते, झोंप उडते, म्हणून घेतां हें मी जाणतें. पण मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. मुंबईंतल्या गरोदर बायकांच्या २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत बिनधुराची तंबाखू घेणाऱ्या बायकांचीं बाळें सरासरी १०५ ग्रॅमनें हलकीं भरलीं, व अपुऱ्या दिवसांचीं अधिक जन्मलीं. एकदम सुटत नसेल तर पोटांत बाळ आहे तेवढे महिने तरी सोडा. बाकीचें पुढें पाहूं.

पाळीची घडी साबणानें धुऊन उन्हांत वाळवा. कोपीच्या आड, ओलसर, दुसऱ्या कपड्याखालीं लपविलेल्या घडींत जंतु वाढतात. ऊन फुकट आहे आणि तें औषध आहे. जायला आडोसा नाहीं म्हणून दिवसभर पाणी न पिणें ही सवय मोडा. त्यानें लघवीला जळजळ व मूत्रपिंडाला इजा होते. बंधूंनो, कोपी उभारतांना चार बांबू व एक जुनी ताडपत्री बायकांच्या आडोशासाठीं पहिल्याच दिवशीं लावा. बैलांचा गोठा आपण पहिल्या दिवशीं करतोंच कीं नाहीं ?

आणि आतां पिशवीची गोष्ट. २०१९ सालीं सरकारनें नेमलेल्या, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढें आपल्या बीड जिल्ह्याचा आंकडा आला. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकीं १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. म्हणजे सहा बायकांमागें एक. ह्यांत कित्येक तिशी-पस्तिशीच्याहि आंतल्या. पाळी नको, खाडा नको, पांढरें जातें, कंबर दुखते, कोणी सांगतें, "काढून टाका, कॅन्सर होईल." एवढ्या शब्दावर बाई टेबलावर जाते. पांढरें जाणें हा बहुतेक वेळां साध्या गोळ्यांनीं बरा होणारा विकार असतो. पिशवीबरोबर बीजकोशहि काढले तर तरुण वयांतच हाडें ठिसूळ होतात, अंगाची लाही होते, आणि ज्या कामासाठीं पिशवी काढली तेंच काम होईनासें होतें. खऱ्या आजारांत ऑपरेशन करावेंच लागतें, तें मी नाकारीत नाहीं. पण नियम एवढाच धरा: एकाच डॉक्टरच्या शब्दावर पिशवी काढायची नाहीं. कागद हातांत घ्या, सोनोग्राफीचा अहवाल मागा, जिल्हा रुग्णालयांत दाखवा आणि मग ठरवा. बैल विकतांना आपण चार जणांना विचारतों. अंगाचा तुकडा देतांना दोघांना तरी विचारूं.

शेवटची गोष्ट त्या मुलीची, जिच्या कडेवर तुमचें बाळ आहे. मी तीच मुलगी होतें. तुम्ही म्हणतां, "पोरगी हाताशी असली की बरं." पण आठ वर्षांची पोर आई होऊं शकत नाहीं, फार तर आयुष्यभर स्वतःला दोष देऊं शकते. ती आतां जाते, तिची शाळा सुटते. तेरा-चौदाची झाली कीं कोपींत एकटी कशी ठेवायची म्हणून तिचें लग्न होतें. आणि लग्न झालें कीं नवा कोयता जोडला जातो. २०१९ ते २०२१ च्या सरकारी आरोग्य पाहणींत आपल्या जिल्ह्यांतल्या वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायकांमागें सुमारें चव्वेचाळीस जणींचें लग्न अठराच्या आंत झालेलें आढळलें. भीति खोटी आहे असें मी म्हणत नाहीं. त्या भीतीवर उपाय लग्न हा नव्हे. अठराच्या आंतल्या मुलीचें अंग पुरतें भरलेलें नसतें. तिचें बाळंतपण तिला व बाळाला दोघांनाहि धोक्याचें असतें. जिथें हंगामी वसतिगृह आहे तेथें मुलीला ठेवा. संत भगवानबाबांच्या नांवानें सरकारनें ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीं वसतिगृहांची योजना केली आहे, तेथें नांव घाला. नाहींतर आजीजवळ ठेवा. यांतलें कांहींच जमलें नाहीं तर जाण्यापूर्वीं मला सांगा. मी तिला कारखान्याजवळच्या शाळेसाठीं चिठ्ठी देईन. पटावरचें नांव मी कापणार नाहीं.

कोणी म्हणेल, बाई, आम्ही अडाणी, हें सारें आम्हांला कसें जमणार ? जामखेड येथून लांब नाहीं. १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हें जोडपें तेथें आलें. त्यांनीं शिकलेल्या नर्सा शोधल्या नाहींत. खेड्यांतल्या, पुष्कळशा निरक्षर, दलित व गरीब बायकांनाच शिकवून त्यांच्या हातीं गांवाचें आरोग्य दिलें. त्या बायकांनीं बाळंतपणें केलीं, वजनें केलीं, जुलाबाचें पाणी पाजायला शिकविलें, आणि त्या गांवांतलीं बाळें मरायचीं कमी झालीं. १९७९ सालीं त्या कामाला मॅगसेसे पारितोषिक मिळालें. जगभरचे डॉक्टर तें पाहायला जामखेडला येतात. पुढें गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनींहि खेड्यांतल्या बायकांनाच नवजात बाळ जपायला शिकविलें, आणि तेथील नवजात बाळांचे मृत्यु निम्म्याहून कमी झाल्याचें १९९९ सालीं जगापुढें मांडलें. बंगाल्यांतल्या बाईंना जमलें म्हणून हें झालें नाहीं. तुमच्यासारख्या बायकांना जमलें म्हणून झालें.

तर मायबहिणींनो, गांठोडें बांधतांना तव्या-परातीबरोबर सात जिनसा घ्या: कार्ड, जलसंजीवनीचीं पुडकीं, जस्ताच्या व लोहाच्या गोळ्या, साबणाची वडी, झाकणाचें स्टीलचें भांडें, वाटी-चमचा, आणि आशाताईचा फोननंबर कागदावर लिहून. सगळ्यांचें वजन अर्धा किलो भरणार नाहीं. बंधूंनो, तुम्हांस तीन कामें: आडोसा बांधणें, पाणी उकळणें, आणि पहाटे बायको भाकरी थापते तेव्हां लेकराला घांस भरविणें. आणि दोन लेकरांवर पुरे म्हणायचें असेल तर बायकोच्या पोटावर सुरी चालविण्याआधीं स्वतःचा विचार करा. पुरुषाची शस्त्रक्रिया त्याहून सोपी आहे व ताकद कमी होत नाहीं.

माझ्या भावाला मीं पाणी दिलें नाहीं, कारण मला कोणी सांगितलें नव्हतें. तुम्हांला आतां सांगितलें आहे. तुमच्या टोळींत ज्या बायका आज आल्या नाहींत, त्यांना कोपींत चुलीपाशीं बसून तुम्ही सांगा. फाल्गुन-चैत्रांत टोळ्या परततील तेव्हां मी शाळेच्या दारांत उभी राहून मुलें मोजणार आहें. जितकीं गेलीं तितकीं परत यावींत, एवढेंच माझें विठ्ठलाकडे आणि तुमच्याकडे मागणें आहे.